निचऱ्याचा माणूस

जमिनीतलं पाणी बाहेर काढणं हा माझा धंदा. शिकलो तेच आणि पोट भरलं तेही त्यावरच. वाळवा आणि शिरोळ तालुक्यांत नदीचं पाणी उपसून उसाला इतकं पाजलं गेलं की काळ्याभोर जमिनी पाणथळ झाल्या, वर मीठ फुललं आणि उसाच्या जागी लव्हाळा माजला. अशा क्षारपड शिवारात तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप गाडायचे, नाल्यापर्यंत उतार द्यायचा आणि दोन-तीन पावसाळे वाट बघायची. जमीन सुधारते, शेतकरी पेढे घेऊन घरी येतो. एरवी लोक आम्हा सिव्हिलवाल्यांना फक्त रस्त्यातल्या खड्ड्यांवरून ओळखतात, त्यामुळे या पेढ्यांची चव जरा जास्तच लागायची. मी निष्णात आहे असं मला वाटू लागलं, ते त्या पेढ्यांमुळेच.

पुढे बायकोला आयर्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली आणि आम्ही ऑफली काउंटीत येऊन पडलो. डब्लिन आणि गॉलवे यांच्या साधारण मध्ये. जवळ डोंगर नाही, समुद्र नाही. शेतं, गाई आणि बॉग, म्हणजे दलदल. मलाही एका छोट्या कंत्राटदाराकडे शेतातले चर आणि घरांच्या प्लॉटचा निचरा करण्याचं काम मिळालं. पाणी इथेही भरपूर होतं, तेव्हा आपलं बरं चालणार असं मी धरून चाललो.

घरापासून गाडीने थोड्या अंतरावर क्लारा बॉग आहे. साडेचारशे हेक्टरांहून मोठं राखीव निसर्गक्षेत्र, १९८७ पासून सरकारच्या ताब्यात. त्यात फळ्यांची एक वाट केलेली आहे. गोल फिरून जिथे सुरू होते तिथेच परत येते, लांबी किलोमीटरभर, चढ नाही की उतार नाही. माहितीपत्रकात 'सोपी वाट' लिहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. माझ्या या भागातल्या बहुतेक चुका त्या सोप्या वाटेवरच झाल्या.

पहिल्यांदा तिथे मला शेजारचे एक म्हातारे शेतकरी घेऊन गेले. मी निचऱ्याचं काम करतो हे कळल्यावर त्यांनी आपणहून विचारलं होतं, बॉग पाहिलात का? फेब्रुवारीचा महिना होता. नजर जाईल तिथपर्यंत तपकिरी, पिवळट, मधे काळ्या पाण्याची डबकी. झाड नाही म्हटलं तरी चालेल. मला शिरोळचं शिवार आठवलं. मी फळीवर उभा राहून डोळ्यांनीच अंतर मोजलं, चरांची दिशा ठरवली, पाणी कुठे सोडायचं तेही बघितलं आणि म्हणालो, "मला दोन हंगाम द्या. इथे बटाटे उभे करून दाखवतो."

म्हातारेबुवा काही बोलले नाहीत. वाट पूर्ण केली, गाडीपाशी आलो. बॉगच्या मधून एक जुना रस्ता जातो, क्लाराहून राहनकडे. त्या रस्त्यावर उभे राहून त्यांनी पूर्वेकडे बोट दाखवलं. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात तिकडे समांतर रेघा दिसत होत्या, एकसारख्या अंतरावर, अगदी माझ्या मनातल्या आराखड्याप्रमाणे.

"असं म्हणणारे आधी येऊन गेलेत," ते म्हणाले.

आता इथे मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. मी म्हणालो, "चर नीट खणले नसतील."

"खणले होते नीट," ते म्हणाले. "मशीनवर मीच होतो."

परतीच्या वाटेवर आम्ही हवामानाबद्दल बोललो. या देशात त्याला अडचण नाही.

त्या रेघांची हकिकत मी नंतर हळूहळू गोळा केली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी पीट महामंडळाने, म्हणजे बोर्ड ना मोनाने, बॉगच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात पीट, म्हणजे जळणाला वापरतात ती अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, काढण्याच्या तयारीचे चर मारले. आधी पाणी काढायचं, बॉग सुकवायचा, मग यंत्राने थर खरवडून जाळायला न्यायचे, अशी रीत. त्याच सुमारास आयर्लंडमध्येच काही लोक ओरडू लागले होते की, आता असे बॉग उरलेच किती? त्यांना साथ मिळाली हॉलंडमधून. डच लोकांनी आपले बॉग आधीच खणून, जाळून, शेती करून संपवले होते. संपल्यावर किंमत कळली. त्यांनी वर्गणी काढून आयर्लंडमधले काही छोटे बॉग विकत घेतले आणि आयरिश सरकारच्या हाती दिले. क्लारा सरकारनेच घेतला. मग चरांत बांध घालून पाणी अडवायचं काम सुरू झालं. म्हणजे माझ्या शेजाऱ्याने तरुणपणी जे खणलं ते त्याच्याच डोळ्यांदेखत बुजवलं गेलं, आणि त्यानंतर काही वर्षांनी सांगली जिल्ह्यातून एक गृहस्थ येऊन त्याला सांगत होता की ते पुन्हा खणायला पाहिजे.

माझी समजूत कुठे चुकली होती ते साधं आहे. शिरोळमध्ये पाणी जमिनीत नको तिथे, नको तेवढं साठलेलं असतं. ते काढलं की खालची जमीन मोकळी होते. क्लारात पाणी काढल्यावर खाली मोकळं व्हायला फारसं काही नसतं. जिवंत बॉग वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो. हिमयुग संपल्यावर, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, इथल्या सखल भागात तळी राहिली. त्यांत लव्हाळे, गवत वाढून कुजत कुजत तळी भरली, आणि मग वर स्फॅग्नम नावाचं शेवाळ आलं. हे शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरतं. खालचा भाग मरतो, पण पाण्याखाली हवा नाही आणि आंबटपणा जबरदस्त, म्हणून नीट कुजत नाही. वरचा भाग वाढत राहतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. असं करत करत मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर येतो. मग नदी, झरा, भूजल, कशाचंच पाणी त्याला पोचत नाही. फक्त पाऊस.

तो पाऊसही किती? आठशे ते हजार मिलिमीटर. महाबळेश्वरला त्याच्या पाचपटीहून जास्त पडतो आणि तिथला कातळ जानेवारीत कोरडाठाक. मला हे गणित बरेच दिवस सुटेना. उत्तर पावसाच्या रकमेत नव्हतं, हप्त्यांत होतं. इथे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस थोडं थोडं पडत राहतं, ऊन मवाळ, बाष्पीभवन कमी, आणि पडेल ते शेवाळ धरून ठेवतं. आमच्याकडे चार महिन्यांत सगळं येतं आणि मग आठ महिने आपण टँकर मोजतो. पाऊस मोजायची माझी सवय मिलिमीटरांची होती, दिवसांची नव्हती. जलविज्ञान शिकलेल्या माणसाने हे कबूल करायला जरा जड जातं.

त्याहून जड जातं ते दुसरं. ओल्या, मऊ थरातलं पाणी काढलं की थर दबतो आणि जमीन खचते, हे टेर्झाघीने १९२५ मध्ये मांडून ठेवलं आहे. आम्हाला तो विषय होता, मला त्यात चांगले मार्क होते. क्लाराचा तो मधला रस्ता दोनेकशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या कडेच्या चरांनी आणि बाजूच्या पीट काढण्याने रस्त्यासकट बॉगचा मधला पट्टा काही मीटर खाली गेला आहे. एका घुमटाचे दोन झाले. मी त्या खचलेल्या रस्त्यावर उभा राहून चरांच्या बाजूने वाद घातला होता. इंग्लंडमध्ये होम फेन म्हणून जागा आहे. तिथे १८५१ मध्ये पीटमध्ये एक लोखंडी खांब पुरला, वरचं टोक जमिनीच्या पातळीला. शेजारचं तळं उपसून शेती करायचं चाललं होतं, जमीन किती बसते ते कळावं म्हणून. आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा आहे. खांब हलला नाही, जमीन गेली. एवढी सोपी आकृती मी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही.

क्लारा गावाच्या उत्तरेला दोनेक मैलांवर किलमॅलेडीचा बॉग होता. १८२१च्या जूनमध्ये तो फुटला. जळण म्हणून पीट कापत कापत लोकांनी कडेला उंच उभी भिंत करून ठेवली होती; उन्हाळा कोरडा गेला, आतलं पातळ पीट दाबाने बाहेर पडलं आणि खालच्या दरीत शेतं बुडवत गेलं. त्याचा अहवाल रिचर्ड ग्रिफिथ या इंजिनिअरने लिहिला. हाच ग्रिफिथ त्याआधी १८०९ ते १८१४ या काळात सरकारने नेमलेल्या बॉग आयोगाच्या इंजिनिअरांत होता, आणि आयोगाचं काम काय, तर देशातले मोठे बॉग मोजून ते कसे सुकवता येतील ते सांगायचं. नकाशे फार सुंदर काढले त्यांनी. सुकवायला मात्र पैसे निघाले नाहीत, नाहीतर मला फळीवरून चालायला काही राहिलं नसतं. तेव्हा बटाट्यांची कल्पना माझी स्वतःची होती असंही नाही. त्यातही मी दोनशे वर्षं उशिरा आलो होतो.

एवढं कळल्यावर माणसाने जरा नरम व्हावं. मी उलट जाणकार झालो. आसपासच्या गावांतली आणि डब्लिनमधली मराठी मंडळी मधून मधून भेटायची. कुणीतरी म्हटलं, रविवारी कुठेतरी चालायला नेत जा. मी क्लाराला नेऊ लागलो. लहान मुलं, नुकते आलेले आई-वडील, गुडघेदुखीवाले, सगळ्यांना झेपेल असं. डब्लिनहून गॉलवेच्या गाडीने आलं तर क्लारा स्टेशनवर उतरता येतं, आणि गावातल्या वाचनालयाला लागून माहिती केंद्र आहे. सोपं म्हणून मी तयारी काहीच करायचो नाही.

पहिल्या पहिल्या फेऱ्या फुकट गेल्या त्या घाईने. किलोमीटरभराची वाट, वीस मिनिटांत संपते. लोक गाडीपाशी येऊन विचारायचे, "झालं?" आणि आम्ही पोहे खायचो. वाट लहान का ठेवली आहे, हा प्रश्न मला पडला नाही. ती गुडघ्यावर बसून बघायची वाट आहे. फळीच्या कडेला, हाताच्या अंतरावर, सनड्यू असतो, नखाएवढ्या लाल पानांवर चिकट थेंब घेऊन. आमच्याकडे कासच्या पठारावर त्याच्याच कुळातली दवबिंदू असते. दोन्हीकडची गरज एकच, जमिनीत नायट्रोजन नाही म्हणून किडे धरायचे. मी त्याच्या शेजारून कैक वेळा पोह्यांकडे चालत गेलो.

एकदा मुलांना मी सेंट पॅट्रिकची गोष्ट सांगत होतो. त्याने आयर्लंडमधले सगळे सरपटणारे प्राणी समुद्रात घालवले, म्हणून या देशात तुम्हाला साप, सरडा काही दिसणार नाही, निर्धास्त चाला. तेवढ्यात पुढच्या फळीवर एक सरडा ऊन खात बसलेला दिसला. आयर्लंडचा मूळचा असा तो एकच, आणि बॉगवरच्या फळ्या ही त्याची आवडती जागा. मुलांनी सरड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या दिवसापासून मी काही सांगितलं की त्यांतला एक मुलगा फोनवर पडताळून बघायचा. बरं करायचा.

हे सगळं हसण्यावारी जाणारं. आक्काचं तसं नाही.

आक्का माझी मोठी बहीण. इस्लामपूरला शाळेत शिकवून निवृत्त झाली. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आली ती आमच्याकडे, मे महिन्यात. मेच्या शेवटी, जूनमध्ये बॉगवर कापूसगवत फुलतं. फुलतं म्हणजे बी धरतं आणि सगळीकडे पांढरे झुबके वाऱ्यावर हलायला लागतात. आक्का फळीवर उभी राहून बघतच राहिली. मग म्हणाली, "याच्या वाती होतील का रे?"

खरं उत्तर असं की धागा आखूड आणि ठिसूळ असतो, सूत निघत नाही, पण पूर्वी इथले लोक दिव्याच्या वातीला वापरायचे. मला तेव्हा त्यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बघ की करून. घे दोन-चार."

कापूस फळीपासून दोन पावलांवर होता. मधे हिरवागार, सपाट, लुसलुशीत शेवाळाचा तुकडा. त्याच्या बाजूला तपकिरी, खडबडीत उंचवटे. मी जाणकार माणसाच्या नजरेने पाहिलं आणि हिरव्याकडे बोट दाखवलं. "तिथे पाय दे. काही होत नाही, मी आहे."

बॉगवर हिरवं आणि सपाट म्हणजे पाण्यावर तरंगणारं शेवाळ. खाली डबकं. पाय द्यायचाच असेल तर तपकिरी उंचवट्यावर द्यावा, आणि खरं म्हणजे कुठेच देऊ नये. निचऱ्याच्या धंद्यात अनेक वर्षं काढलेल्या माणसाला शेतात हिरवं दिसलं की जमीन चांगली वाटते. आक्काने माझ्यावर विश्वास ठेवून उजवा पाय दिला आणि ती मांडीपर्यंत आत गेली. डावा पाय फळीवर मुडपलेला.

ती ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

आता इथे दुसरी चूक, आणि तिची किंमत जास्त. मऊ जमिनीवर भार पसरायचा असतो. इंग्लंडमधल्या चॅट मॉस या बॉगवरून स्टीफन्सन या इंजिनिअरने १८३० मध्ये रेल्वे नेली ती फांद्या आणि हीदरच्या ताट्या अंथरून, त्यावर तरंगती. जवळच्या लाँगफर्ड काउंटीत कॉर्लीला ओकच्या फळ्यांचा रस्ता सापडला आहे, ख्रिस्तपूर्व १४८ सालचा; लोहयुगातल्या माणसालाही भार पसरायचा हे ठाऊक होतं. तिला मागे रेलून बसू द्यायचं, पाय हळूहळू हलवून त्याच्याभोवती पाणी शिरू द्यायचं, म्हणजे चिखलाची पकड सुटते. मला हे सगळं येत होतं. मी काय केलं, तर तिचे दोन्ही खांदे धरले आणि मुळा उपटावा तसं सरळ वर ओढलं. पाय आला. बूट आत राहिला. गुडघ्यात काहीतरी करकरलं, ते मला ऐकू आलं.

लिगामेंट. पुढचे सगळे आठवडे तिने आमच्या सोफ्यावर पाय उशीवर ठेवून काढले. किलार्नी, मोहेरचे कडे, काढून ठेवलेली तिकिटं, सगळं राहिलं. बायको ड्यूटीवरून येऊन तिच्या पायाला बर्फ लावायची आणि माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. परतीला विमानतळावर व्हीलचेअर घ्यावी लागली. आक्का आजही पाटावर बसू शकत नाही, पूजा स्टुलावर बसून करते. मी फोन केला की ती गुडघ्याचा विषय काढत नाही. मीही काढत नाही. तो मोठेपणा तिचा आहे, माझा नव्हे.

विनोद मात्र तिनेच केला. डब्लिनला नॅशनल म्युझियम तिने व्हीलचेअरवरून पाहिलं, परतीच्या आदल्या दिवशी. तिथे ओल्ड क्रोहन मॅन आहे. आमच्याच ऑफलीत २००३ मध्ये चर साफ करताना सापडलेलं धड. दोन हजार वर्षांहून जुनं, तरी हाताची नखं नीट राखलेली स्पष्ट दिसतात. बॉगने कातडी कमावल्यासारखी ठेवली आहे. आक्का बराच वेळ काचेपाशी होती. मग म्हणाली, "माझा बूट चामड्याचा होता. मिळेल त्यांना."

त्या दिवशी फळीबाहेर मीही उतरलो होतो, मग मदतीला आणखी दोघं. तेवढा शेवाळाचा भाग आम्ही तुडवून काळा चिखल करून ठेवला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो तसाच होता. त्याच्या पुढच्याही वर्षी. शेजारच्या म्हाताऱ्यांना मी झालेलं सगळं सांगितलं होतं. त्यांनी आक्काची चौकशी केली, आणि मग विचारलं, "आणि शेवाळ?" तेव्हा मला ते फार रुक्ष वाटलं होतं.

आता तिसरी गोष्ट, जी सांगायची नव्हती पण सांगतो, कारण ती सगळ्यात जास्त काळ चालली. आमच्या घरात खिडकीशी तुळस आणि कढीपत्ता. थंडीत जगवायचे म्हणजे माती चांगली पाहिजे. मी दर वसंतात बागकामाच्या दुकानातून कंपोस्टच्या मोठ्या पिशव्या आणायचो. भुसभुशीत, काळी, पाणी धरणारी. तुळस इतकी छान यायची की लोक रोपं मागून न्यायचे, आणि मी रोपाबरोबर मातीही द्यायचो. एकदा रविवारची फेरी संपवून मंडळी आमच्याकडे जेवायला आली. क्लारावर मी भाषण ठोकून आलो होतो: आयर्लंडमध्ये एके काळी सुमारे तीन लाख हेक्टर असे घुमटाकार बॉग होते, त्यांतले आज जिवंत, वाढणारे, एक टक्क्याच्या आसपास, जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग पीटचा, पण जमिनीतल्या एकूण कार्बनचा तिसरा हिस्सा त्यात, आणि वाढ वर्षाला एक मिलिमीटर. सरड्यावाला मुलगा गॅलरीत गेला आणि पिशवीवरचं वाचू लागला. "काका, यात पीट आहे."

मी म्हणालो, थोडं असेल. त्याने वाचून दाखवलं. थोडं नव्हतं, जवळपास तेच होतं.

त्या पिशवीच्या उंचीएवढं पीट साठायला किती शतकं लागली असतील ते मला त्याला सांगावं लागलं नाही. त्याला भागाकार येत होता. मी अनेक वर्षं रविवारी बॉगवर फिरायला नेत होतो आणि सोमवारी तोच विकत आणून कुंडीत घालत होतो. लेबल मोठ्या अक्षरांत होतं. चष्मा होता. वाचलं नाही, कारण माती म्हणजे माती, त्यात वाचायचं काय. आता नारळाच्या काथ्याचा भुसा आणि घरचं खत मिसळतो. तुळस पूर्वीएवढी जोमाने येत नाही. कुणी रोप मागितलं तर तसं सांगून देतो.

मागे सप्टेंबरमध्ये सांगलीहून कासला जाऊन आलो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिथे कुंपण नव्हतं, गर्दीही नव्हती. आम्ही मित्र सीतेच्या आसवांच्या निळ्या ताटव्यात चादर पसरून डबे खायचो, फोटोसाठी आडवे पडायचो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव आलं, मग तिकीट, कुंपण, वाटा आखणं. आता गेलो तर एक कुटुंब दोरीपलीकडे उतरलं होतं, वडील मुलीला सांगत होते, जा, काही होत नाही. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण ते वाक्य माझ्या इतकं ओळखीचं होतं की तोंड उघडेना. ही चौथी चूक म्हणायला हरकत नाही.

शेजारचे म्हातारेबुवा आता राहिले नाहीत. ते शेवटपर्यंत घरात पीटच जाळत. बापाने कापलं, मी कापलं, थंडी आहे, म्हणायचे. त्याच तोंडाने क्लाराचे बांध कुठे गळतायत तेही मला दाखवायचे. मला त्यात पूर्वी विसंगती दिसायची. कुंडीच्या प्रकारानंतर मी तो हिशेब करणं सोडलं.

बोर्ड ना मोनाने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं, आणि ज्या हजारो हेक्टरांवर चर मारले होते तिथे पाणी परत अडवायची सरकारी योजना आली. बॉग आणि शेतं दोन्हींच्या निचऱ्यावर जगणाऱ्या आमच्यासारख्या लहान कंत्राटदारांना वाटलं, आता संपलं. तसं झालं नाही. चर बुजवायलाही लेव्हल घ्यावी लागते, उतार कळावा लागतो, बांध कुठे घातला तर पाणी किती मागे सरेल ते सांगणारा माणूस लागतो. मी तेच करतो सध्या, आठवड्यातले तीन दिवस. चर खणण्यापेक्षा बुजवायचा दर मीटरमागे थोडा जास्त मिळतो.